‘खातंय ना?’ या प्रश्नापलीकडे: स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची अखेरपर्यंतची देखभाल

घरातले म्हातारे कुत्रे आजारी आहे असे कळले की सोलापुरात शेजारीपाजारी, नातेवाईक आणि दूधवालासुद्धा पहिला प्रश्न एकच विचारतो, ‘खातंय ना?’ होय म्हटले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मूत्रपिंडाच्या, यकृताच्या किंवा पोटाच्या दुखण्यात ही कसोटी बऱ्यापैकी चालते. मेंदूच्या म्हातारपणात मात्र ती साफ फसवते, कारण माणसे, दार, जिना, शी-शूची जागा आणि दिवसरात्र यांची ओळख पुसली गेलेले कुत्रेसुद्धा तोंडाशी धरलेली अंडे-भाकरी अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत खाऊ शकते. त्यामुळे खाण्यावर विसंबून राहिलेले कुटुंब दोन ठिकाणी उशीर करते, आधी उपचार सुरू करायला आणि नंतर निरोपाचा, म्हणजे इंजेक्शनने वेदनारहित मृत्यू देण्याचा, निर्णय घ्यायला. पुढची सगळी मांडणी हे दोन्ही उशीर टाळण्यासाठी आहे.

आजार कसा दिसतो

पशुवैद्यक या आजाराला कॅनाइन कॉग्निटिव्ह डिस्फंक्शन म्हणतात. माणसाच्या अल्झायमरप्रमाणेच यात मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, मेंदूचा आकार घटतो आणि पेशींमधला निरोपांचा व्यवहार मंदावतो. आजार मागे फिरत नाही, त्याचा वेग आणि त्रास मात्र कमी करता येतो. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 11 ते 12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी सुमारे 28 टक्के, तर 15 ते 16 वर्षांच्या कुत्र्यांपैकी सुमारे 68 टक्के कुत्र्यांत याचे किमान एक लक्षण आढळले होते. म्हणजे हा दुर्मीळ आजार नाही. आपल्याकडे ‘म्हातारं झालंय, चालायचंच’ असे म्हणून तो नोंदलाच जात नाही, एवढेच.

लक्षणांचे पाच गट लक्षात ठेवावेत: दिशा हरवणे, माणसांशी वागणे बदलणे, झोपेचे चक्र उलटे होणे, घरात शी-शू होणे आणि हालचाल एकतर फार वाढणे किंवा फार घटणे. यांपैकी पहिला गट घरातल्यांना सर्वांत उशिरा उमगतो, कारण तो किरकोळ गोष्टींतून दिसतो. आमची पामेरियन कुत्री बाहेर जायचे असले की दाराशी जाऊन उभी राहायची, पण कडीच्या बाजूला नव्हे, बिजागरीच्या बाजूला. दार उघडले तरी नाक भिंत आणि फळी यांच्या फटीला लावून ती तशीच वाट पाहायची. हे दृश्य या आजारात इतके ठरलेले आहे की डॉक्टर ते आवर्जून विचारतात. सोफ्यामागे किंवा कपाट आणि भिंत यांच्या बोळात शिरणे आणि मागे सरकायचे न सुचल्याने तिथेच अडकून कण्हत राहणे, हेही त्याच गटातले. भिंतीकडे एकटक पाहणे, एकाच दिशेने गोल फिरत राहणे, हाक ऐकू येऊनही ओळखीची खूण न देणे, संध्याकाळ झाली की अस्वस्थ होणे आणि रात्री दोन-तीन वाजता कारणाशिवाय भुंकत राहणे, ही पुढची पायरी समजावी.

पहिले पाऊल: दुसरा आजार नाही ना, याची खात्री

या आजाराची थेट चाचणी नाही. इतर कारणे एकेक करून बाजूला सारली की जे उरते, ते हे निदान. म्हणून ‘वेड लागलंय’ हा शिक्का मारण्यापूर्वी तपासण्या झाल्याच पाहिजेत. हिमोग्राम, क्रिएटिनीन, यकृताच्या चाचण्या, रक्तातली साखर, थायरॉइड आणि लघवी एवढे तरी करून घ्यावे. शक्य असल्यास रक्तदाबही पाहावा. लघवीचा जंतुसंसर्ग असेल तर घरात लघवी होण्यामागे विसर नसतो, जळजळ असते. सांधेदुखी असेल तर रात्रीच्या येरझाऱ्यांमागे वेदना असते, कारण आडवे झाले की दुखते. मोतीबिंदू किंवा बहिरेपण आलेले कुत्रेही हाकेला येत नाही. आपल्या भागात गोचिडांमुळे होणारा एर्लिकियाचा ताप इतका सर्रास आहे की म्हाताऱ्या कुत्र्याची मरगळ पाहिली की प्लेटलेट आधी मोजलेल्या बऱ्या.

दोन गोष्टींत विशेष सावध राहावे. पहिली, बदल एका रात्रीत झाला असेल, मान एका बाजूला कलली असेल, बुबुळे झरझर हलत असतील आणि कुत्रे पडत असेल, तर बहुधा तो कानाच्या आतल्या तोलयंत्रणेचा झटका असतो. तो दिसायला अर्धांगवायूसारखा भयंकर वाटतो, पण म्हाताऱ्या कुत्र्यांत बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरू लागतो. अशा वेळी घाईने ‘सोडवून टाका’ म्हणू नये. दुसरी, रेबीजची लस चुकलेल्या किंवा अलीकडे भटक्या कुत्र्याने चावा घेतलेल्या कुत्र्याचे वागणे अचानक बदलले, तर त्याच्या तोंडाजवळ हात न नेता त्याला वेगळे ठेवून लगेच डॉक्टरांना फोन करावा. स्मृतिभ्रंश महिनोन् महिने हळूहळू वाढतो. रेबीज काही दिवसांत संपवतो. स्मृतिभ्रंशाचे कुत्रेही दचकून चावू शकते, म्हणून त्याची वार्षिक लस शेवटच्या वर्षीही चुकवू नये, आणि कोणाला दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन माणसांच्या दवाखान्यात जावे.

दवाखान्यात नेताना मोबाइलवर रात्रीच्या फिरण्याचे दोन-तीन व्हिडिओ घेऊन जावेत. परक्या जागेच्या भीतीने कुत्रे तिथे एकदम ताठ आणि सावध होते आणि ‘यात तर काही दिसत नाही’ असे होते. साध्या तपासण्या सोलापुरातच खासगी दवाखान्यांत आणि बाहेरच्या लॅबमधून होतात. मेंदूचा एमआरआय करायचा तर अडीचशे किलोमीटरवरचे पुणे किंवा त्यापुढची मुंबई गाठावी लागते. माझे मत स्पष्ट आहे: फिटचे झटके येत नसतील आणि चालणे एका बाजूने लुळे पडले नसेल, तर चौदा वर्षांच्या जनावराला एवढा प्रवास आणि संपूर्ण भूल यांतून नेण्याने उपचारात क्वचितच फरक पडतो. ते पैसे औषधांना आणि आराम देणाऱ्या सोयींना लावावेत.

एक वही घालावी

निदान झाले त्याच दिवशी शाळेची एक दोनशेपानी वही घ्यावी आणि ती फ्रिजवर ठेवावी. रोज रात्री घरातल्या कोणीतरी चार-पाच ओळी लिहाव्यात: किती खाल्ले, किती पाणी प्यायले, शी-शू कुठे झाली, रात्री किती वाजता उठले, किती वेळ फिरले, आणि दिवसभरात आपल्यापैकी कोणाला ओळखल्याची खूण दिली का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच लिहायला सर्वांत अवघड जातो. आजार इतक्या संथ गतीने वाढतो की रोज पाहणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही. महिन्यापूर्वीचे पान समोर ठेवले की कळतो. डॉक्टर औषध बदलतात तेव्हाही ही वहीच उपयोगी पडते, कारण ‘थोडं बरं वाटतंय’ या वाक्यावरून मात्रा ठरवता येत नाही.

घर कसे बदलावे

कुत्र्याला पुन्हा शिकवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. ओरडणे, नाक लघवीत घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवणे हे तरुण कुत्र्याबाबतही अयोग्यच आहे. इथे तर त्याचा काहीच संबंध जुळत नाही, उरते ती केवळ भीती. बदलायचे ते घराने. त्यातही सामान हलवायचे नाही. पलंग, पाण्याचे भांडे, चप्पलस्टँड आहे तिथेच राहू द्यावे, कारण नजर आणि स्मरण दोन्ही गेल्यावर कुत्रे पायांच्या सवयीने चालते. सणाला घर आवरताना हे हमखास विसरले जाते.

बोळ बंद करावेत. सोफा भिंतीला चिकटवावा, कपाटामागची फट उशी किंवा पुठ्ठ्याने बुजवावी. जिन्याला वर आणि खाली दोन्हीकडे फळी लावावी. गच्चीचे दार कायम बंद ठेवावे. जुन्या वाड्यांतल्या आणि बैठ्या घरांतल्या शहाबादी फरशीवर पाय बऱ्यापैकी टिकतो, पण जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता इकडच्या नव्या घरांत गुळगुळीत टाइल्स असतात आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय त्यावर फाकतात. एकदा असे पडले की सांधे आणि आत्मविश्वास दोन्ही जातात. झोपण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी मॅट किंवा खालून न सरकणारी पायपुसणी सलग अंथरावीत. नखे कापलेली असावीत, पंजाच्या गादीमधले केसही.

फिनेल कमी करावे. जे कुत्रे डोळ्यांनी वाट शोधू शकत नाही ते वासाने शोधते, आणि रोज सकाळी सगळे घर उग्र फिनेलने पुसले की त्याचे सगळे पत्ते पुसले जातात. शिवाय ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटते. कपडे धुण्याच्या पावडरीचे पातळ पाणी आणि नंतर साधे पाणी एवढे लघवीला पुरते.

पाण्याचा प्रश्न सोलापूरकरांना सांगायला नको. नळ काही दिवसांआड येतो आणि रोज लघवीची अंथरुणे धुणे परवडत नाही. त्यावर उपाय थरांचा आहे. सर्वांत खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर जाड सोलापुरी चादर, त्यावर जुना टर्किश टॉवेल आणि सर्वांत वर मेडिकलमध्ये मिळणारे माणसांचे अंडरपॅड. वरचा थर टाकायचा, टॉवेल तेवढा धुवायचा. आपल्याकडचे ऊन एवढे तरी काम करते, तासाभरात टॉवेल वाळतो. डायपर घातले तर तीन-चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

रात्र

बहुतेक कुटुंबे या आजाराने नव्हे, झोप न मिळाल्याने थकून जातात, म्हणून रात्रीचा विचार औषधांइतकाच गंभीरपणे करावा. सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास बसवणे, दिवसा दर दोन-अडीच तासांनी हलकेच उठवून दहा मिनिटे चालवणे, संध्याकाळी जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा लघवीला नेणे, या तीन गोष्टींनी शरीराचे घड्याळ काहीसे सावरते. पूर्ण अंधार करू नये, मंद दिवा चालू ठेवावा. कुत्रे एरवी पोर्चमध्ये किंवा अंगणात झोपत असेल तरी आता त्याला माणसाच्या जवळ घ्यावे. कोणाच्या तरी श्वासाचा आवाज आणि वास मिळाला की निम्मे भुंकणे थांबते.

रात्री उठून ते ओरडू लागले तर आधी तीन गोष्टी तपासाव्यात: लघवी लागली आहे का, तहान लागली आहे का, कुठे दुखते आहे का. तिन्ही नसतील तर दिवा न वाढवता, न बोलता, छातीवर हात ठेवून बसावे. झोपेत असताना वरून अचानक हात लावू नये. नाकासमोर हात धरून वास येऊ द्यावा आणि मग स्पर्श करावा. घरात माणसे असतील तर पाळ्या लावाव्यात, आणि आजीला ‘तू जागीच असतेस’ म्हणून रोजची रात्र देऊ नये.

अन्नपाणी

दोन मोठ्या जेवणांऐवजी चार लहान जेवणे द्यावीत. भांडे छातीच्या उंचीला आणावे, कारण मान खाली घातली की तोल जातो. अन्न कोमट असले की वास उठतो आणि भांडे सापडते. ज्वारीची मऊ भाकरी कुस्करून त्यात उकडलेले अंडे, बिनहाडाचे चिकन किंवा थोडे पनीर मिसळले तर बहुतेक कुत्री खातात. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रथिने किती, हे डॉक्टरांनी ठरवावे. मध्यम साखळीचे मेदघटक आणि माशाच्या तेलातले ओमेगा-3 असलेल्या आहाराने या आजारात काही कुत्र्यांना फायदा होतो. मध्यम साखळीचे मेदघटक खोबरेल तेलातही असतात म्हणून लोक ते चमच्यांनी घालतात. एवढ्या तुपकट अन्नाने स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो, तेव्हा विचारल्याशिवाय घालू नये.

घासातला घास देण्याची आपली सवय इथे धोक्याची आहे. शेंगाचटणीतला लसूण आणि भाजीतला कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षे आणि बेदाणे, जे आपल्या जिल्ह्यात घरोघरी असतात, मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर करतील याचा नेम नाही. भूक-चव यांचे भान सुटलेले कुत्रे पडलेले काहीही उचलते, त्यामुळे कचऱ्याची बादली झाकणाची असावी.

पाणी हा जास्त नाजूक मुद्दा आहे. तहान लागते, पण भांडे कुठे आहे ते आठवत नाही, किंवा भांड्यापाशी जाऊन का आलो ते विसरते. घरात तीन-चार ठिकाणी पसरट भांडी ठेवावीत आणि दर दोन तासांनी स्वतः नेऊन तोंड ओले करावे. ढोबळ हिशेब किलोमागे दिवसाला 50 ते 60 मिलिलिटरचा, त्यात ओल्या अन्नातले पाणी धरावे, उन्हाळ्यात जास्त. अंगातले पाणी कमी झाले का ते पाहायला मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची खूण म्हाताऱ्या कुत्र्यात फसते, कारण कातडी मुळातच सैल झालेली असते. हिरड्यांवर बोट फिरवून पाहावे. त्या चिकट-कोरड्या लागल्या तर सलाइनची गरज आहे. आडव्या पडलेल्या कुत्र्याच्या तोंडात दूध किंवा पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. डोके-छाती उशीने उंच करून, गालाच्या कडेने, सिरिंजने थोडे थोडे द्यावे आणि प्रत्येक घोट गिळल्याची खात्री करावी.

औषधे

या आजारासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध सेलेजिलिन आहे. अमेरिकेत ते कुत्र्यांच्या याच आजारासाठी 1998 पासून मान्यताप्राप्त आहे. आपल्याकडे माणसांच्या पार्किन्सनसाठी मिळणारी गोळी डॉक्टर वजनानुसार सकाळी एकदा देतात. फरक दिसायला महिना-दीड महिना लागू शकतो, म्हणून आठवड्यात काही झाले नाही म्हणून बंद करू नये. त्याचे इतर औषधांशी वाकडे आहे, आणि ते ठळक लिहून ठेवावे: ट्रॅमाडॉल, फ्लुओक्सेटिन आणि तत्सम नैराश्यावरच्या गोळ्या, तसेच गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ यांच्यासोबत सेलेजिलिन देता येत नाही. गोचीड घालवायला कोणी अमिट्राझचे पाणी अंगाला लावायला सांगितले तर ‘सेलेजिलिन चालू आहे’ हे आपणच सांगायचे, कारण अनेकदा गोचिडाचे औषध एका दुकानातून आणि मेंदूचे दुसऱ्या दवाखान्यातून आलेले असते.

झोपेसाठी मेलाटोनिन, अस्वस्थतेसाठी आणि मज्जातंतूंच्या वेदनेसाठी गॅबापेन्टिन, सांध्यांसाठी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे दिली जातात. मेलाटोनिनच्या गोड चघळण्याच्या गोळ्या आणि माणसांची काही पातळ औषधे यांत झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्याला विष आहे; घटकांची यादी वाचावी. घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी ‘अर्धीच’ म्हणूनही देऊ नये, पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंड जाते. ब्राह्मी, अश्वगंधा यांच्याबद्दल सल्ला देणारे खूप भेटतात. कुत्र्यांच्या या आजारात त्यांवर विसंबून चालू उपचार थांबवावेत असे मला वाटत नाही, आणि दिलेच तर डॉक्टरांपासून लपवू नये.

उन्हाळा आणि गड्डा

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो तेव्हा शहाणे कुत्रे आपसूक न्हाणीघरात किंवा माठाखाली जाऊन पडते. स्मृतिभ्रंश झालेले जात नाही. ते अंगणात कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहते आणि ऊन सरकत त्याच्यावर आले तरी हलत नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा त्याला एकटे बाहेर सोडू नये, आणि दिवे गेले की कूलर बंद पडतो हे धरून दमट कापड व पंख्याची सोय ठेवावी. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असते. ते 104 च्या वर गेले, धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील, तर नळाचे साधे पाणी अंगावर ओतत, वारा घालत, लगेच दवाखाना गाठावा. तापमान 103 पर्यंत उतरले की ओतणे थांबवावे.

आवाजाचा हिशेब जानेवारीत करावा लागतो. सिद्धेश्वर यात्रेतले (तीच गड्डा यात्रा) नंदीध्वजांचे दिवस आणि होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम आपल्या आनंदाचे असते, पण आवाज कुठून येतो हेच न कळणारे कुत्रे त्या रात्री भिंतींवर आदळते. दिवाळी आणि गणपतीच्या मिरवणुकांचेही तेच. पेठांत किंवा मिरवणुकीच्या वाटेवर राहणाऱ्यांनी शक्य असल्यास ते दोन-तीन दिवस कुत्र्याला घरातल्या मधल्या खोलीत ठेवावे, खिडक्या चादरींनी झाकाव्यात, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा आणि भीती कमी करणारे औषध आधी विचारून आणून, फटाके सुरू होण्यापूर्वी द्यावे. नुसती गुंगी आणणारे औषध मागू नये. त्यात शरीर पडून राहते आणि भीती आत तशीच राहते. ओळखीचे घर सोडून दुसरीकडे नेणे मात्र टाळावे, गोंधळ दुप्पट होतो.

अंथरुणाला खिळल्यावर

उभे राहता येते पण मागचा भाग खचतो, अशा टप्प्यावर पोटाखालून लांब टॉवेल घालून दोन्ही टोके वर धरावीत आणि तसेच लघवीला न्यावे. तेही जमेनासे झाले की चादर कामाला येते. कुत्र्याला सोलापुरी चादरीच्या मधोमध कुशीवर ठेवावे, दोन माणसांनी चारही टोके धरून चादर थोडी उचलावी आणि पाय माणसाच्या बाजूला राहतील अशी सावकाश दुसऱ्या कुशीवर वळवावी. अंगाखाली हात घालून ओढले तर पातळ झालेली कातडी सोलते. दिवसा दर तीन-चार तासांनी कूस बदलावी आणि प्रत्येक वेळी कोपर, खुबा, घोटा, खांदा या हाडांवर बोट फिरवावे. लाली दिसली, केस गळाले असले, की तिथे जाड फोम द्यावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

शेपटीखालचे आणि मांड्यांमधले केस कातरून टाकावेत, लघवी झाल्यावर कोमट पाण्याच्या कापडाने पुसून कोरडे करावे आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. माश्या ही आपल्याकडची सर्वांत वाईट गोष्ट. ओलसर, वास येणाऱ्या कातडीवर माशी बसली की दीड-दोन दिवसांत जखमेत अळ्या पडतात, आणि पावसाळ्यात तर त्या दिसण्याआधीच खोल जातात. कुत्र्याला मच्छरदाणीत ठेवावे. अळ्या दिसल्याच तर फिनेल, रॉकेल, पेट्रोल काहीही न ओतता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दिवसभर लघवी झालीच नाही, फिटचा झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, किंवा शांत झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या वर गेला, तर सकाळची वाट पाहू नये.

निर्णय कसा घ्यावा

इथे पुन्हा तो प्रश्न येतो, ‘अजून खातंय ना, मग कशाला?’ त्याला उत्तर म्हणून अमेरिकेतल्या पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी केलेली मोजपट्टी वापरावी. वेदना व श्वास, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर देखभाल पुढे चालू ठेवणे ठीक समजतात. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वेगवेगळे गुण लिहावेत आणि मग पाने समोर ठेवावीत. स्मृतिभ्रंशात भुकेला आठ आणि पाण्याला सात मिळतात, आणि आनंदाला एक. ही विषमताच पाहायची असते. बेरीज तेवढ्यावर तरून जात असेल तर मी आनंदाचा आणि भीतीचा विचार वरचढ धरीन, कारण जागेपणीचा बहुतेक वेळ घाबरलेल्या अवस्थेत जाणाऱ्या जिवाला भरलेले पोट फार उपयोगाचे नसते. वहीतले चौदा दिवस मोजावेत. त्यांतले आठ वाईट असतील तर डॉक्टरांशी बोलण्याची वेळ आली.

‘पाप लागेल’ हे घरातली मोठी माणसे मनापासून म्हणतात आणि त्यांना उडवून लावू नये. काही कुटुंबे इंजेक्शन नको असे ठरवतात. तसे ठरले तर त्याचा अर्थ काहीच न करणे असा होऊ नये: वेदनाशामक, भीती व झोपेची औषधे, जखमांची निगा आणि रात्रीची सोबत शेवटपर्यंत पूर्ण मात्रेत मिळाली पाहिजे, आणि ती देणारे डॉक्टर आधीच ठरलेले हवेत. यांतले काहीच झेपत नसताना ‘देव नेईल तेव्हा’ म्हणणे मला मान्य नाही.

तो दिवस

हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकानेच, लेखी संमती घेऊन करावे. घरी येतील का, फी किती, शनिवार-रविवारी मिळतील का, हे निर्णयाच्या खूप आधी विचारून ठेवावे. एक प्रश्न न संकोचता विचारावा: ‘आधी पूर्ण भूल देणार ना?’ योग्य पद्धतीत आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, कुत्रे गाढ झोपल्यावर शिरेतून भुलीच्या औषधाची जास्त मात्रा देतात, आणि शेवटी स्टेथोस्कोपने हृदय थांबल्याची खात्री करतात. भूल न देता मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड टोचणे अमानुष आहे. तसे करणारा कोणी असेल तर त्याला नाही म्हणावे. डोळे उघडेच राहतात, एखादा मोठा श्वास नंतर सुटू शकतो, लघवी होते, हे घरातल्या मुलांना आधी सांगितले तर ती घाबरत नाहीत. मुलांना समोर बसायचे का, हे त्यांना विचारावे, आणि ‘झोपला’ असे न सांगता मेला हे स्पष्ट सांगावे.

उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्यावी, कारण त्यानंतरची व्यवस्था काही तासांत उरकावी लागते. शेत असेल तर विहीर, बोअर आणि ओढ्यापासून दूर, किमान चार फूट खोल खड्डा आदल्या दिवशीच काढून घ्यावा. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कडक होते आणि तिला भेगा पडतात, तेव्हा खड्डा उथळ राहिला तर भटकी कुत्री आणि कोल्हे उकरतात. इंजेक्शनचे औषध शरीरात असल्याने ते मांस खाणारे जनावर किंवा घारही मरू शकते. देह कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकमध्ये नको. शहरात जागा नसेल तर महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात मृत प्राणी नेण्याची काय सोय आहे, याची चौकशी आधीच करून नंबर वहीत लिहून ठेवावा.

घरात दुसरे कुत्रे असेल तर देह नेण्यापूर्वी त्याला जवळ येऊन हुंगू द्यावे. काही दिवस ते कमी खाते, दाराशी बसते. दोन दिवस अजिबात खाल्ले नाही तर मात्र दाखवावे. उरलेली औषधे दुसऱ्या कुत्र्याला किंवा शेजाऱ्यांच्या कुत्र्याला देऊ नयेत, विशेषतः सेलेजिलिन आणि गॅबापेन्टिन. न उघडलेली पाकिटे ज्या दवाखान्यातून आणली तिथे विचारून परत द्यावीत. अंडरपॅड, मच्छरदाणी आणि फोमची गादी धुऊन, उन्हात वाळवून त्याच डॉक्टरांकडे ठेवली तर पुढच्या एखाद्या घराला ती विकत घ्यावी लागत नाहीत.